शीतसाखळीचा शेवटचा दुवा

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. हिंदुस्थानातील ते पहिले यशस्वी लसीकरण. युरोपातून निघालेली लस उष्ण प्रदेशातील दीर्घ प्रवासात वारंवार निष्प्रभ होत असे. म्हणून ती एका दंडावरून दुसऱ्या दंडावर टोचत, जिवंत राखत बगदाद-बसऱ्याच्या मार्गाने आणावी लागली.

दोन शतकांनंतरही उष्म्याशी असलेले हे वैर संपलेले नाही. मराठवाड्यात तर उष्मा घरचाच. छत्रपती संभाजीनगरचा पारा मे महिन्यात चाळिशी ओलांडतो आणि लसीला हवे असते २ ते ८ अंश सेल्सिअस. राज्याच्या भांडारातून शहरातील विभागीय भांडारात, तेथून प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि शेवटी परिचारिकेच्या खांद्यावरील लसवाहक पेटीतून सोयगाव-कन्नडच्या वाड्यावस्त्यांवर, असा हा प्रवास. जानेवारी २०२१ मध्ये कोविडची लस पुण्याहून निघाली, तेव्हा 'शीतसाखळी' हा शब्द घरोघरी पोचला. साथ ओसरली आणि तो विस्मृतीत गेला.

सरकारी आरोग्य केंद्रातील 'आयएलआर' हे साधे शीतकपाट नव्हे. त्याच्या भिंतींत बर्फाचे अस्तर असते, त्यामुळे दिवसाकाठी आठ तास वीज मिळाली तरी आतील तापमान टिकते. दार वरून उघडते. थंड हवा जड असल्याने ती बाहेर सांडत नाही. तापमान दिवसातून दोनदा नोंदवायचे असा दंडक आहे. २०१५ पासून सुरू झालेल्या 'ई-विन' प्रणालीत तापमान बिघडल्याचा संदेश थेट भ्रमणध्वनीवर येतो. यंत्रणेत उणिवा आहेतच, पण नियम आहेत आणि विचारणारा वरिष्ठ आहे.

खासगी दवाखान्यांचे काय? हा प्रश्न अनेकांना रुचणार नाही, तरीही विचारलाच पाहिजे. अनेक ठिकाणी लस घरगुती फ्रिजमध्ये, तीही वारंवार उघडणाऱ्या दाराच्या कप्प्यात ठेवलेली असते. शेजारी पाण्याच्या बाटल्या, क्वचित डॉक्टरसाहेबांचा डबाही! आत तापमापक नसतो, आणि वीज किती वेळ गेली होती याची नोंद कोणी ठेवीत नाही.

त्याहून घातक असा एक गैरसमज आहे: जितके थंड तितके उत्तम. ब-कावीळ, पंचगुणी अथवा धनुर्वाताची लस एकदा गोठली की ती वाया गेली. तिच्यातील ॲल्युमिनियमच्या क्षारांची रचना मोडते; वितळल्यावर ती पुन्हा सांधत नाही. फ्रीजरला चिकटून ठेवलेली कुपी अशीच मरते. कुपीवरील उष्णतादर्शक खूण येथे उपयोगी पडत नाही. ती केवळ उष्म्याचा हिशेब ठेवते, गोठण्याचा नाही. संशयित कुपी हलवून, गाळ किती लवकर बसतो ते पाहण्याची चाचणी आहे. ती किती दवाखान्यांत होते?

निष्प्रभ लस टोचल्यावर बाळ रडते, कार्डावर शिक्का पडतो, आईवडील निश्चिंत होतात. फसवणूक कळते ती काही वर्षांनी, आजार झाल्यावर. तीही बहुधा कळतच नाही. दोष कुपीला लागत नाही, 'लसीचा उपयोग नाही' या कुजबुजीला मात्र बळ मिळते. गावोगावी पायपीट करून विश्वास मिळवणाऱ्या आशा कार्यकर्तीच्या कष्टांवर असे पाणी पडते.

महाराष्ट्रातील १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा रुग्ण दाखल करून घेणाऱ्या संस्थांपुरता आहे; केवळ तपासणी आणि टोचणी करणारा दवाखाना त्याच्या कक्षेबाहेर राहतो. लस ठेवणाऱ्या प्रत्येक दवाखान्याची नोंद आणि वर्षातून एकदा शीतकपाटाची तपासणी एवढे महानगरपालिका व जिल्हा परिषदेने मनावर घ्यावे. त्यासाठी वैद्यकीय संघटनांनीच पुढाकार घेतला तर अधिक शोभेल. तोवर पालकांनी टोचणीपूर्वी कुपी पाहण्यास मागावी. खूण असल्यास आतील चौकोन भोवतीच्या वर्तुळाहून फिकट आहे ना, हे पाहावे, आणि फ्रिजमधला तापमापक कोठे आहे, असे नम्रपणे विचारावे.