बॅग उघडते तेव्हा

परदेशातून आलेल्या मुलाची बॅग उघडण्याचा सोहळा खापरखेड्यातही होतो. वीज केंद्राच्या वसाहतीत वाढलेला, शिकून बाहेर गेलेला मुलगा सुट्टीवर येतो आणि शेजारीपाजारी जमतात. १९९१ पूर्वी परदेशी साबण, सेंट, टेपरेकॉर्डर यांचे मोठे अप्रूप होते, कारण ते इथे सहज मिळत नसत. आता परदेशी माल नागपुरात सीताबर्डीवरही मिळतो. मग विमानतळावर घाईघाईने उचललेल्या चॉकलेटच्या डब्याला काय अर्थ उरतो?

भेट निवडताना किंमत नव्हे, माणूस डोळ्यांपुढे आणावा. थंडीत कुडकुडणाऱ्या आजीला हलकी, उबदार शाल. सणासुदीच्या स्वयंपाकात रमणाऱ्या बहिणीला दुबईच्या बाजारातले इराणी केशर. तिकिटे जमवणाऱ्या भाच्याला तिथल्या पोस्टातून त्याच्याच नावाने टाकलेले पत्र. वीज केंद्राची राख रोज घरातून पुसून काढणाऱ्या आईला मात्र शोभेच्या नाजूक वस्तू आणून तिचे काम वाढवू नये. हस्तिदंताचा मोह तर टाळावाच. त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार थांबवण्याचा निर्णय १९८९ सालीच झाला आहे.

मुलगा परत निघाला की आई त्याच्या बॅगेत संत्राबर्फी आणि लोणच्याची बरणी भरते. त्याला काय आवडते, हे तिला विचारावे लागत नाही. तिला काय हवे, हे आपल्याला तितकेच ठाऊक आहे का? बाजारात जाण्यापूर्वी एवढे स्वतःला विचारावे.