टॅपेट कव्हरचे पॅकिंग

मोटारीच्या पुस्तकात या वस्तूला ‘व्हॉल्व्ह कव्हर गॅस्केट’ म्हणतात. त्या नावाने बाजारात मागाल, तर दुकानदार तुमच्याकडे दयेने पाहील. तिथे म्हणायचे ‘टॅपेट कव्हरचे पॅकिंग’. आमच्या मराठी विभागातल्या एका विद्वान स्नेह्यांनी ‘झडपाच्छादनरोधिका’ असा शब्द लगोलग सुचवला. पण त्याने तेल थांबले असते, असे काही मला वाटत नाही.

आणि थांबवायचे होते ते तेलच. आमच्या घरी एक जुनी मारुती ऑम्नी आहे. ही गाडी १९८४ साली ‘मारुती व्हॅन’ म्हणून आली आणि २०१९ साली तिचे उत्पादन बंद झाले. तिचे ७९६ सी. सी.चे, तीन सिलिंडरचे इंजिन पुढच्या आसनांखाली असते. इतरांच्या गाडीत जो धूर बॉनेटखाली होतो, तो आमच्याकडे थेट बैठकीखाली!

पावसाळा सरता सरता चढावर जळक्या तेलाचा वास येऊ लागला. आई नाकाला पदर लावून बसे. तिचे गुडघे वाकत नाहीत, तरी सरकत्या दाराच्या या गाडीत ती कुणाचा हात न धरता चढते. भाऊबीजेला पुण्याहून वाईला जायचे होते. मामा अंथरुणाला खिळलेले, तेव्हा ओवाळायला बहिणीनेच जायचे. आणि वाटेत खंबाटकीचा घाट!

एका गॅरेजवाल्याने नुसता वास घेऊन निकाल दिला, ‘‘इंजिन उतरवावं लागेल. नाहीतर विकून टाका.’’

‘‘अहो, दुखण्यातसुद्धा माणूस दुसऱ्या डॉक्टरला विचारतो,’’ सौ. म्हणाली.

दुसरे डॉक्टर म्हणजे आमच्या गल्लीतले म्हातारे मिस्त्री. त्यांनी आसन उचलले, बॅटरी मारली आणि इंजिनाच्या कुशीवरून ओघळलेली काळी रेघ बोटाने वर वर शोधत नेली. ‘‘सर, तेल दिसतं खाली, पण निघतं वरून. पॅकिंग वाळलंय.’’

इंजिनाच्या माथ्यावर एक झाकण असते. त्याखाली झडपांची उघडझाप करणारा दांडा फिरतो आणि तेलाचे शिंतोडे उडतात. झाकण व माथा यांच्यामध्ये रबराची एक कड असते. वर्षानुवर्षे तापून-निवून ती कडक होते. मग तेल पाझरते आणि तापलेल्या एक्झॉस्टवर टपकते. फार टपकले तर पेटूही शकते. आईचा पदर काही उगीच नाकाला गेला नव्हता.

इंजिन पुरते थंड होईपर्यंत मिस्त्रींनी चहा घेतला. झाकण चिकटून बसले होते. पेचकस घालून उचकटले, तर ॲल्युमिनियमला ओरखडा पडतो आणि गळतीला नवी वाट मिळते. म्हणून रबरी हातोडीने हलक्या टिचक्या. जुने पॅकिंग कडबोळ्यासारखे कटकट मोडले. पुढचा अर्धा तास केवळ पुसण्यात गेला. चिंधी, थोडे पेट्रोल, पुन्हा चिंधी. आणि आत कण पडू नये म्हणून सारखे लक्ष. खरे काम हेच.

‘‘सिलंट लावायचं का?’’ मी विचारले.

‘‘कोपऱ्यात टिपूसभर. थापलं, तर तुकडा सुटून आतली तेलाची जाळी बंद करतो.’’

मग बोल्ट. मधून बाहेर, आलटून-पालटून, दोन-तीन फेऱ्यांत, आणि तेही वीतभर पान्याने. गळती म्हणजे ढिलेपणा, अशी पुष्कळांची समजूत असते. ते आवळतच सुटतात. मग झाकण वाकते, नाहीतर बोल्ट तुटून आत अडकतो. शेवटी मिस्त्रींनी ब्रीदरची नळी फुंकून पाहिली. ती तुंबली की आत वायू कोंडतो आणि नव्या पॅकिंगमधूनही तेल बाहेर ढकलतो. एवढे पाहणारा कारागीर विरळाच.

पॅकिंगची किंमत एका दिवाळी अंकाहून कमी पडली. मजुरी अर्थात वेगळी, आणि ती मी आनंदाने दिली.

घाटमाथ्यावर गाडी थांबवून मी आसन उचलले. वास नाही, धूर नाही, झाकणाची कड कोरडी ठणठणीत.

‘‘बघून झालं असेल तर चल बाबा,’’ मागून आई म्हणाली. ‘‘तो सकाळपासून टिळ्यासाठी ताटकळला असेल.’’