'वाचेल का?' याच्या पुढचा प्रश्न

डोक्याला गंभीर मार लागलेला रुग्ण अतिदक्षता विभागात दाखल झाला, की बाहेरच्या बाकावरून येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो. माणसे खानापूरची असोत, निपाणीची असोत वा चंदगडची, "डॉक्टर, पोरगं वाचतंय न्हवं ओ?" एवढेच ती विचारतात. आपण त्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि आत वळतो. हे उत्तर प्रामाणिक असले तरी अपुरे असते, असे माझे मत आहे. कवटीचे हाड काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या बाबतीत तर हे अपुरेपण कुटुंबाला पुढे वर्षानुवर्षे भोगावे लागते.

आपल्या उपचाराचे स्वरूप वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. अपघाताच्या क्षणी मेंदूला झालेली इजा कोणालाच परत घेता येत नाही. आपली सारी धडपड दुसरी इजा टाळण्यासाठी असते. प्राणवायू कमी पडू न देणे, रक्तदाब घसरू न देणे, डोक्याकडची बाजू उंच ठेवणे, मॅनिटॉल वा तीव्र क्षारद्रावण, सोडियमवर लक्ष, ताप आणि झटके यांचा बंदोबस्त. यात चमत्कार नाही, रात्रभराची राखण आहे. ज्यांवर आपली मोठी भिस्त होती असे काही उपाय कसोटीला उतरलेही नाहीत. स्टेरॉइडचे उदाहरण सर्वांना आठवत असेल. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'क्रॅश' चाचणीत दहा हजारांवर रुग्ण होते, आणि औषध दिलेल्या गटात मृत्यू अधिक आढळले.

हे सर्व करूनही कवटीतील दाब उतरत नाही, तेव्हा हाडाचा मोठा तुकडा काढून सुजलेल्या मेंदूला जागा करून देण्याचा मार्ग उरतो. (साकळलेले रक्त तातडीने काढण्यासाठी कवटी उघडणे ही बाब निराळी, तेथे बोलत बसायला वेळ नसतो.) दाब थोडा वाढताच घाईने हाड काढल्याने सहा महिन्यांनंतरची स्थिती सुधारत नाही, उलट वाईटच दिसते, हे २०११ च्या 'डेक्रा' चाचणीने दाखवले. मात्र शेवटचा उपाय म्हणून केलेल्या शस्त्रक्रियेची कथा वेगळी आहे. २०१६ साली 'रेस्क्यू आयसीपी' चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात चारशेहून अधिक रुग्ण होते. सहा महिन्यांनी पाहता केवळ औषधोपचार घेणाऱ्यांत शंभरातील ४९ दगावले होते, शस्त्रक्रिया झालेल्यांत २७. म्हणजे शंभर शस्त्रक्रियांमागे २२ जीव अधिक वाचले. कोणत्याही शल्यविशारदाने अभिमानाने सांगावा असाच हा आकडा आहे.

परंतु त्या बावीस जणांचे पुढे काय झाले? संशोधकांच्याच हिशेबाप्रमाणे त्यांतील सहा जण जाणीवशून्य अवस्थेत राहिले, आठ जण रोजच्या प्रत्येक गोष्टीसाठी परावलंबी झाले, आणि उरलेले आठ निदान घरातल्या घरात स्वतःचे स्वतः करू लागले वा त्याहून बरे झाले. पूर्णपणे बरे झालेल्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात काही वाढलेले नव्हते.

हे आकडे आपल्याला ठाऊक असतात. बाकावर बसलेल्या बापाला ते ठाऊक नसतात. त्याच्यापुढे संमतिपत्र येते ते इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये. अंगठ्याची खूण कोठे करायची एवढेच त्याला मराठीत सांगितले जाते. अशा संमतीला कायद्यात काही मोल असेल, मला तिच्याविषयी फारसा आदर वाटत नाही.

यावर काही सहकारी म्हणतील, की असे सांगितले तर नातेवाईक हिंमत सोडतील आणि वाचू शकणारा रुग्ण जाईल. ही भीती खोटी नाही. कॅनडातील सहा केंद्रांचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात मेंदूच्या गंभीर इजेने दगावलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के मृत्यू जीवनरक्षक उपचार थांबवल्यानंतरचे होते, आणि केंद्राकेंद्रांतील तफावत मोठी होती. त्या मृत्यूंपैकी सुमारे निम्मे पहिल्या तीन दिवसांतले. एवढ्या लवकर भविष्य वर्तवणारा डॉक्टर आपले भाकीत स्वतःच खरे करून दाखवीत असतो. दुसरीकडे २०२१ च्या अमेरिकेतील एका पाहणीत, दोन आठवड्यांनी जे जाणीवशून्य होते त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश रुग्ण वर्षभरात शुद्धीवर आले. स्थळकाळाचे भान मात्र सुमारे पाव रुग्णांनाच परत मिळाले. तेव्हा पहिल्या बहात्तर तासांत 'काही उरलेले नाही' असे म्हणू नये, हे मी आग्रहाने सांगेन. पण निराशेचे भाकीत टाळणे म्हणजे सत्य झाकणे नव्हे. "वाचण्याची शक्यता वाढेल. वाचला तर तो तुम्हाला ओळखेल की नाही, हे आज सांगता येत नाही. अंदाज यायला वर्ष लागेल, आणि ते वर्ष तुमच्यातल्या कोणाला तरी त्याच्या उशाशी काढावे लागेल." एवढे बोलायला पाच मिनिटे पुरतात.

'कोणाला तरी' म्हणजे बहुधा आई किंवा बायको. गळ्यातील नळी स्वच्छ करणे, नाकातील नळीतून पातळ अन्न देणे, दर दोन तासांनी कूस बदलणे हे सारे तिला घरी पाठवताना घाईघाईत शिकवले जाते. केंद्र सरकारच्या २०२५ च्या योजनेत रस्ता अपघातातील जखमींना सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचार मिळतात. योजना स्वागतार्ह आहे. परंतु आठव्या दिवशी आपला रुग्ण पुष्कळदा श्वसनयंत्रावरच असतो, आणि घरी गेल्यानंतरच्या व्यायामोपचाराचा खर्च तर तिच्या हिशेबातच नाही. जमीन गहाण ठेवण्यापूर्वी कुटुंबाला हे कळायला हवे.

आपल्या संघटनेला एक सूचना करतो. अशा कुटुंबांसाठी मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत चार पानांची एक पुस्तिका काढावी. तीत वरील आकडे सोप्या शब्दांत असावेत, घरच्या शुश्रूषेची चित्रे असावीत, व्यायामोपचार कोठे स्वस्तात मिळतो तेही असावे. आणि शेवटच्या पानावर, काढलेले हाड पोटाच्या कातडीखाली ठेवले आहे की अन्यत्र, हे ठळक अक्षरांत लिहिण्यासाठी एक चौकट सोडावी. काही महिन्यांनी ते हाड पुन्हा बसवण्याची वेळ येते, तेव्हा रुग्ण अनेकदा दुसऱ्याच गावच्या दुसऱ्याच डॉक्टरांपुढे असतो, आणि पोटावरचा व्रण कशाचा हे घरच्यांना सांगता येत नाही.