धूळ की जस्ताची खाण?

जस्ती बादली भंगारातून पोलादाच्या विद्युत भट्टीत गेली, की तिच्यावरील जस्ताचे काय होते? पोलाद वितळते सुमारे १५०० अंश सेल्सिअसला. जस्त मात्र ९०७ अंशांनाच उकळते. त्याची वाफ धुराबरोबर निघते आणि गाळण-पिशव्यांत धूळ होऊन साचते. टनभर पोलादामागे ही धूळ साधारण १५ ते २० किलो! जस्ती भंगार पुष्कळ असेल, तर तिच्यात २० टक्क्यांहूनही अधिक जस्त सापडते. खाणीतल्या खनिजात बहुधा त्याहून कमीच असते. कोळशाबरोबर फिरत्या भट्टीत तापवून ते परत मिळवता येते. याला खर्च येतो, हे खरे. पण धूळ उघड्यावर टाकली, तर तिच्यातील शिसे व कॅडमियम पावसाबरोबर जमिनीत मुरतात. तो खर्च कोणी भरायचा? म्हणून या धुळीला कचरा न म्हणता खनिजच मानले पाहिजे.