दुर्बीण पोचली, आपण कधी बोलणार?

'पोटात दुर्बीण घालून बघावं लागेल' असं डॉक्टर म्हणाले, की आपल्या पोटात आधी भीतीचा गोळाच येतो. मग सुरू होतात सबबी. पोरांच्या परीक्षा होऊ देत, नणंदेचं लग्न पार पडू दे, भिशी लागली की बघू! तोवर ओवा चावायचा, सोडा प्यायचा आणि उपास मात्र एकही चुकवायचा नाही.

ही भीती उगाच आलेली नाही. सुरुवातीला ही नळी चक्क ताठ असायची. १८६८ साली जर्मनीतल्या डॉ. कुसमाउल यांना पोट आतून बघायचं होतं, तेव्हा त्यांनी तलवार गिळण्याचे खेळ करणारा माणूस गाठला होता. दुसरं कोण गिळणार ती नळी?

हे बदललं ते केसासारख्या बारीक काचेच्या तंतूंमुळे. पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी आणि लंडनमधले त्यांचे गुरू हॅरल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ साली दाखवून दिलं, की अशा तंतूंची जुडी वाकवली तरी एका टोकाचं चित्र दुसऱ्या टोकाला दिसतं. उजेड काचेच्या आतल्या आत आपटत पुढे जातो. अमेरिकेत बेसिल हिर्शोविट्झ यांनी १९५७ साली त्यातून लवचिक दुर्बीण केली आणि पेशंटच्या आधी स्वतः गिळली!

आज पोटाच्या नेहमीच्या दुर्बिणीच्या टोकाला छोटा कॅमेराच असतो. तिची जाडी साधारण करंगळीएवढी. पण काचेच्या तंतूचं काम थांबलेलं नाही. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झालेल्या दुर्बिणीत उजेड टाकणारा तंतू एकच आहे. आपण चकलीचे वेढे घालतो ना, तसं त्याचं टोक भराभर फिरत लेझरचा उजेड टाकतं आणि सेकंदाला तीसेक चित्रं देतं. तिची जाडी दोन मिलिमीटरहूनही कमी. हृदयाच्या रक्तवाहिनीत शिरून काही सेकंदांत तिची आतली भिंत दाखवणारी उजेडाची तारही मोठ्या हॉस्पिटलांत वापरात आहे.

म्हणजे बघा, उजेड शरीराच्या कानाकोपऱ्यात पोचला. पण तो आत जाण्याआधी कुणीतरी तोंड उघडून सांगायला हवं ना, 'मला त्रास होतोय'? तिथेच आपलं घोडं अडतं. नवऱ्याची छाती दुखली की रात्री रिक्षा निघते. बाईची दुखली की 'ॲसिडिटी असेल!' आणि हे बऱ्याचदा आपणच म्हणतो.

प्रत्येक जळजळीला दुर्बीण लागत नाही, हे खरं. पण घास अडकणं, शौचाला काळं डांबरासारखं होणं, रक्ताची उलटी, कारण नसताना वजन उतरणं, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाणं, यातलं काहीही 'बघू' म्हणत ढकलण्यासारखं नाही. रक्ताची उलटी झाली तर त्याच क्षणी दवाखाना गाठायचा.

आणि तिथे गेल्यावर गप्प बसू नका. ही तपासणी कशासाठी? भूल देणार का? नळी निर्जंतुक कशी करता? बाई डॉक्टर किंवा नर्स जवळ असेल का? खर्च किती? हे विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे, तो आपला हक्क आहे. रिपोर्ट मागून घ्या, नीट जपून ठेवा.

ज्यानं ही दुर्बीण केली, त्यानं ती आधी स्वतः गिळली. आपण निदान दुखणं गिळायचं तरी थांबवू या!