गोळ्या मोजणारे कपाट

घरात सासूबाईंची बीपीची गोळी, मामंजींची शुगरची गोळी कोण काढून देतं? बहुतेक घरांत आपणच! कुठली उपाशीपोटी, कुठली जेवल्यावर, हे लक्षात ठेवता ठेवता जीव मेटाकुटीला येतो. मग रात्रपाळीला वॉर्डातल्या तीस-चाळीस पेशंटची औषधं सांभाळणाऱ्या सिस्टरचं काय होत असेल?

यावर परदेशातल्या मोठ्या इस्पितळांनी एक उपाय काढला आहे. गोळ्या देणारं कपाट. सिस्टरनं बोट टेकवायचं किंवा पासवर्ड टाकायचा, पेशंटचं नाव निवडायचं, की डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधाचाच कप्पा उघडतो. कोणी, कधी, किती घेतलं, सगळी नोंद आपोआप. गुंगीची इंजेक्शनं सहजासहजी गायब होत नाहीत, मुदत संपत आलेलं औषध आधीच कळतं आणि रात्री दोन वाजता स्टोअरची किल्ली शोधत पळावं लागत नाही. फायदे खरेच आहेत.

पण मैत्रिणींनो, नाण्याची दुसरी बाजूही बघू या. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात, एका नामांकित इस्पितळात, डिसेंबर २०१७ मध्ये एका नर्सनं अशाच कपाटात औषधाच्या नावाची पहिली दोन अक्षरं टाइप केली. हवं असलेलं औषध दिसेना, म्हणून यंत्राची आडकाठी बाजूला सारली आणि हातात आलं स्नायू लुळे पाडणारं औषध. पंचाहत्तर वर्षांची पेशंट बाई गेली. २०२२ मध्ये कोर्टानं नर्सला दोषी ठरवलं. आडकाठी बाजूला सारणं तिथं तेव्हा रोजचंच होतं, असं तिचं म्हणणं होतं. म्हणजे घाई माणसाची, सोय यंत्राची आणि शिक्षा एकट्या बाईला!

आता आपल्या धाराशिवकडे येऊ. २०२२ पासून इथं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. आज ना उद्या असं कपाट आपल्याकडेही येईल, फीत कापली जाईल, फोटो छापून येतील. पण एका कपाटाला लाखो रुपये लागतात. शिवाय दरवर्षीची देखभाल, कॉम्प्युटर, अखंड वीज आणि बिघडलं तर दुरुस्त करणारा माणूस. तो परांड्याला किंवा उमरग्याला किती दिवसांनी पोचेल?

आणि आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. तरीही ‘हे बाहेरच्या मेडिकलमधून आणा’ अशी चिठ्ठी हातात पडली, तर त्या कपाटाचा काय उपयोग? शेजारच्या अंबाजोगाईत तर सरकारी रुग्णालयाला बनावट अँटिबायोटिक गोळ्या पुरवल्याचा गुन्हा डिसेंबर २०२४ मध्ये दाखल झाला. कपाट गोळी मोजेल, पण ती खरी की खोटी हे कसं ओळखेल?

म्हणून मला वाटतं, आधी स्वस्तातली कामं व्हावीत. वॉर्डात सिस्टर पुरेशा असाव्यात. प्रत्येक पेशंटच्या मनगटावर नावाची पट्टी असावी. सारख्या दिसणाऱ्या बाटल्या एका फळीवर नसाव्यात. जोखमीचं इंजेक्शन दोघींनी वाचून मगच द्यावं. औषधांचा साठा रोज फळ्यावर लिहावा. याला लाखो रुपये लागत नाहीत. हे सगळं झाल्यावर खुशाल कपाट आणा, आम्ही स्वागतच करू.

नर्सिंगच्या मुलींना पाच गोष्टी शिकवतात : पेशंट बरोबर, औषध बरोबर, मात्रा बरोबर, द्यायची पद्धत बरोबर, वेळ बरोबर. आपलं माणूस दवाखान्यात असेल, तेव्हा आपणही नम्रपणे विचारावं, ‘सिस्टर, हे कशाचं औषध? किती द्यायचंय?’ त्यात भांडण नाही की अपमान नाही. चांगली सिस्टर थांबते, पाकीट पुन्हा वाचते आणि सांगते. तेवढं थांबायला तिला वेळ मिळतोय ना, हे मात्र सरकारनं बघायला हवं.