विश्लेषण : पाळीव कुत्र्याचा कार्बन हिशेब कोणाच्या खात्यावर?

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा शहरात सायबेरियन हस्की पाळला की दुपारभर त्याच्यासाठी एसी सुरू ठेवावा लागतो. त्यातून होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाला जबाबदार कोण? हौसेने हस्की आणणारे कुटुंब, की कोळशावर चालणारी वीज आणि पिल्लांच्या बाजारावरचे ढिले नियम? पाळीव प्राणी आणि हवामान बदल यांविषयीचा जगभरातला वाद याच प्रश्नाभोवती फिरतो आहे.

वाद कशावरून सुरू झाला?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील प्राध्यापक ग्रेगरी ओकिन यांनी २०१७ मध्ये एक हिशेब मांडला. अमेरिकेतील सुमारे १६ कोटी ३० लाख कुत्री-मांजरांच्या मांसाहारामुळे वर्षाला ६.४ कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतके हरितगृह वायू हवेत जातात, म्हणजे १ कोटी ३६ लाख मोटारी वर्षभर चालवल्यासारखे. २०२२ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी खाद्याच्या प्रकारानुसार फरक दाखवला. दहा किलो वजनाच्या कुत्र्याला कोरडे खाद्य दिले तर वर्षाला सुमारे ८२८ किलो उत्सर्जन होते, डब्यातले ओले खाद्य दिले तर तब्बल ६,५४१ किलो.

हे आकडे आपल्याकडे लागू होतात का?

जसेच्या तसे नाहीत. आपल्याकडे बहुतेक घरांत कुत्र्याच्या ताटलीत दूध-चपाती, ताक-भात किंवा भातात शिजवलेले कोंबडीचे पाय आणि माना असतात. चिकनच्या दुकानात हे तुकडे ‘कुत्र्यासाठी’ म्हणून स्वस्तात मिळतात. कोंबडी माणसासाठीच कापलेली असते, तेव्हा या तुकड्यांवर किती उत्सर्जन टाकायचे यावर संशोधकांतही एकमत नाही. ओकिन यांच्यावर झालेली टीका नेमकी हीच होती. मात्र शहरांत पाकीटबंद खाद्य, त्यातही माणसाने खावे अशा दर्जाचे मांस असलेले ‘प्रीमियम’ खाद्य वाढत आहे आणि तिथे हा बचाव लंगडा पडतो.

आणि एसी?

दीड टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट वीज घेतो असे धरू. रोज आठ तास, उन्हाळ्याचे ९० दिवस म्हणजे ७२० युनिट. देशाच्या ग्रीडवरील एका युनिटमागे ढोबळमानाने ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. गुणाकार केला की आकडा येतो ५०० किलो. वर उल्लेख केलेल्या दहा किलोच्या कुत्र्याच्या वर्षभराच्या कोरड्या खाद्याच्या निम्म्याहून जास्त, तोही फक्त तीन महिन्यांत.

पण यातल्या ०.७ या आकड्यावर हस्कीच्या मालकाचे काहीच चालत नाही. देशातील सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशावर बनते म्हणून तो तेवढा आहे. हाच एसी छतावरच्या सौरपॅनेलवर चालला, तर दुपारचा हिशेब जवळपास शून्यावर येतो. कुत्रा तोच, मालक तोच.

मग मालकाने काहीच करायचे नाही?

करण्यासारखे आहे. कुत्र्याला गरजेपुरतेच खायला घालणे, ओल्या डब्यांची सवय न लावणे आणि मुळात उष्ण शहरात बर्फाळ प्रदेशातली जात न आणणे. गावठी पिल्लू दत्तक घेतले तर त्याच्यासाठी नवे प्रजनन होत नाही आणि ते इथल्या उन्हाला सरावलेलेही असते. फक्त ‘कुत्रा पाळणे हेच पाप’ असा सूर लावण्यात अर्थ नाही.

त्याला आधार आहे. २०२५ मध्ये ‘पीएनएएस नेक्सस’ या नियतकालिकात अमेरिकी नागरिकांवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कुत्रा न पाळण्याने किंवा विमानप्रवास टाळण्याने किती उत्सर्जन वाचते, याचा लोकांना फार कमी अंदाज होता. बातम्यांनी तेवढेच उचलले आणि श्वानप्रेमी भडकले. अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मागे पडला. वैयक्तिक सवयींचे आकडे समजल्यावर लोक त्या बदलायला तयार झाले, पण मतदानासारख्या सामूहिक कृतीची तयारी मात्र घटली. म्हणजे अपराधी भावना वाढली की धोरणाचा आग्रह कमी होतो.

सरकारच्या हातात काय आहे?

एसीचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. १ जानेवारी २०२०पासून देशात विकला जाणारा रूम एसी सुरू करताच २४ अंशांवर असला पाहिजे, असा नियम आहे. हवे त्याने तापमान बदलावे, पण सुरुवात २४पासून. कोणाच्याही सद्बुद्धीची वाट पाहावी लागली नाही. ताऱ्यांचे लेबलही असेच, दुकानात उभे असतानाच ग्राहकाला विजेचा खर्च समजतो.

कुत्र्याच्या खाद्याच्या पाकिटावर प्रथिने, स्निग्धांश, तंतू यांची टक्केवारी असते, उत्सर्जनाचा आकडा नसतो. श्वान प्रजनन आणि विक्रीसाठी केंद्राचे २०१७चे नियम आहेत. त्यानुसार प्रजनन करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. ते पिल्लू नागपूरच्या उन्हात कसे राहील, हे मात्र विकत घेणाऱ्यावरच सोडलेले आहे.